वाटाण्याच्या प्रोटीनचा माग कसा काढायचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. फोंड्यात आमचं छोटं युनिट आहे. वाटाणा प्रोटीनची कटलेट करून कळंगुटच्या शॅकवाल्यांना देते. परवा एका गिऱ्हाइकाने विचारलं, वाटाणा कुठला? प्रोटीन पावडरीचं पोतं उलटंसुलटं करून पाहिलं: बॅच नंबर, एक्सपायरी, बस्स. पुरवठादार म्हणतो, "इम्पोर्टेड आहे, चांगलाच असणार!"

युरोपच्या 2023च्या जंगलतोडविरोधी कायद्यात सोयाबीनच्या शेताचे अक्षांश-रेखांश देण्याची अट आहे. वाटाणा त्यात नाही, पण निदान देश आणि गिरणी तरी लेखी कशी मिळवायची? महिन्याला चार पोती घेणाऱ्याला कोण दाद देतं म्हणा.

दुसरं, भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर येणारे आपले अळसांदे (गोव्याची चवळी) वापरून पाहिले. त्यांत प्रोटीन 24 टक्क्यांच्या आसपास, वाटाण्याच्या पावडरीत 80. कटलेट तव्यावर फुटतं. कुणाला जमलंय का?