जुन्या टीव्ही वेस्टर्न मालिका: सुरुवात कुठून करावी आणि प्रत कशी पारखावी?

कडेकपारी

१९५५ ते १९७५ या काळातल्या अमेरिकी टीव्ही वेस्टर्न (काउबॉय-बंदुकांच्या) मालिका जरा पद्धतशीर बघायच्या आहेत. एकट्या 'गनस्मोक'चेच ६३५ भाग आहेत, तेव्हा सगळं बघणं काही होणार नाही. अर्ध्या तासाच्या मालिकांपासून सुरुवात करावी की तासाभराच्या?

दुसरं म्हणजे प्रतींचा घोळ. एकच भाग एकीकडे २२ मिनिटांचा, दुसरीकडे २५चा. 'बोनान्झा'च्या एका स्वस्त संचात शीर्षकसंगीत भलतंच आहे. काही प्रतींत पात्रं कंदील घेऊन हिंडतात आणि आजूबाजूला लख्ख ऊन! हे मुळातच असं आहे की प्रती खराब आहेत?

तिठा

अर्ध्या तासाच्या आधी बघा, डोळे झाकून. १९५५ ते १९६१ हा या प्रकाराचा खरा बहर. १९५८-५९च्या हंगामात अमेरिकेत सर्वाधिक बघितल्या गेलेल्या दहा कार्यक्रमांपैकी सात वेस्टर्न होते, आणि त्यांतले पाच अर्ध्या तासाचे.

'गनस्मोक'चे पहिले सहा सीझन, म्हणजे २३३ भाग, अर्ध्या तासाचे आहेत. ही गोष्ट १९५२ पासून रेडिओवर चालू होती आणि सुरुवातीच्या बऱ्याच टीव्ही भागांना जॉन मेस्टनच्या रेडिओ संहितांचा आधार आहे. ते लगेच जाणवतं. पात्रं मोजकी, संवाद तोलूनमापून, पहिल्या दोन-तीन मिनिटांत पेच उभा. नायक मार्शल डिलन योग्य तेच करतो आणि तरीही कुणीतरी निष्कारण मरतं. असे कडवट शेवट त्या काळच्या टीव्हीवर फारसे सापडत नाहीत. १९६१ मध्ये भाग तासाचा झाला, तेव्हापासून गोष्ट हळूहळू पाहुण्या पात्रांकडे सरकत गेली. पुढच्या सीझनांत तर डिलन अख्ख्या भागात दोन-तीन प्रसंगांपुरताच येतो. ते भाग वाईट नाहीत, पण चव वेगळी आहे.

त्याच्या जोडीला 'हॅव गन, विल ट्रॅव्हल' (१९५७-६३, २२५ भाग). रिचर्ड बूनचा पॅलडिन सॅन फ्रान्सिस्कोच्या हॉटेलात थाटात राहतो आणि पैसे घेऊन लोकांची भांडणं निस्तरतो. कामावर निघाला की अंगात काळे कपडे आणि होल्स्टरवर (कमरेच्या पिस्तुलाच्या म्यानावर) बुद्धिबळातला चांदीचा घोडा. पुढे 'स्टार ट्रेक' उभी करणाऱ्या जीन रॉडनबेरीने याचे २४ भाग लिहिले आहेत. नैतिक पेच पंचवीस मिनिटांत कसा बसवायचा, हे त्यांत नीट कळतं.

मग 'द रायफलमन'चा पहिला सीझन, आणि त्यानंतर लगेच 'द वेस्टर्नर' (१९६०). दोन्हींमागे लेखक-दिग्दर्शक सॅम पेकिनपा आहे. 'द वेस्टर्नर' १३ भागांतच बंद पडली. माझ्या मते टीव्हीवर इतकी धुळकट, खरीखुरी वेस्टर्न दुसरी झाली नाही. ब्रायन कीथचा नायक धड हुशारही नाही, फार शूरही नाही.

यांतले प्रत्येकी दहा भाग झाले की तासाच्या मालिकांकडे वळा. 'मॅव्हरिक' बघणार असाल तर जेम्स गार्नर होता ते १९५७ ते १९६० हे तीन सीझन. नायकाचा भाऊ बार्ट मध्येच का उपटतो, असा प्रश्न पडेल. भाग दर आठवड्याला दाखवायचा आणि चित्रीकरणाला आठवड्याहून जास्त वेळ लागायचा, हे गणित जमेना. म्हणून दुसरा नायक आणून दोन तुकड्या एकाच वेळी कामाला लावल्या. दोघे भाऊ एकत्र असलेले भाग त्यामुळेच कमी आहेत.

रीळवाला

लांबीचं सांगतो. त्या काळी अर्ध्या तासाच्या भागात प्रत्यक्ष मजकूर साधारण २५ ते २६ मिनिटं असायचा, तासाच्या भागात ५० ते ५२. पुढे जाहिरातींचा वेळ वाढला, तशी पुनर्प्रसारणाच्या प्रतींना कात्री लागली. तेव्हा २२ मिनिटांची प्रत म्हणजे तीन-चार मिनिटं गेलेली. 'गनस्मोक'च्या सुरुवातीच्या भागांत डिलन गावाबाहेरच्या बूट हिल दफनभूमीत उभा राहून दोन शब्द बोलतो. असे प्रवेश आणि शेवटची छोटी निरवानिरव पहिल्यांदा कापली जाते, कारण ती काढली तरी कथानक तुटत नाही. भागाचा सूर मात्र त्यातच असतो.

पण घाई करू नका. युरोपातल्या पाल या टीव्ही-पद्धतीच्या डिस्कवर २४ चौकटींची फिल्म सेकंदाला २५ने पळते, म्हणजे सुमारे ४ टक्के जास्त वेगाने. २६ मिनिटांचा भाग २५ मिनिटांत संपतो, ५१चा ४९त. काही कापलेलं नसतं, फक्त आवाज किंचित चढा लागतो. अर्ध्या तासाचा भाग २३ मिनिटांच्या आत संपला तर कात्री नक्की, २४-२५ असेल तर आधी डिस्कची पद्धत बघा.

'बोनान्झा'चा तुमचा संच चोरीचा असेलच असं नाही. सुरुवातीच्या सीझनांतल्या काही भागांचे हक्क संपलेले आहेत, ते कुणीही छापू शकतं. शीर्षकसंगीताचे हक्क मात्र शाबूत आहेत, म्हणून स्वस्त संचांत तिथे दुसरीच धून चिकटवतात. असे संच बहुधा झिजलेल्या १६ मिमी प्रतींवरून काढलेले असतात, त्यामुळे लाल रंग पसरतो आणि सावल्यांत काहीच दिसत नाही. मूळ चित्रीकरण ३५ मिमीवर आहे. अधिकृत सीझनसंच घेतलात की फरक पहिल्याच दृश्यात, जळणाऱ्या नकाशात दिसेल. ही मालिका १९५९ मध्ये पहिल्या भागापासून रंगीत होती. ती दाखवणाऱ्या एनबीसी वाहिनीची मालक आरसीए कंपनी रंगीत टीव्हीसंच विकत होती, तेव्हा रंग हाच मालिकेचा जीव.

आणि रुंद पडद्यासाठी वर-खाली कापलेल्या प्रती घेऊ नका. मूळ चौकट ४:३ आहे. ती १६:९ केली की उंचीचा पाव भाग जातो. क्लोजअपमध्ये टोपीचा माथा उडतो आणि समोरासमोरच्या गोळीबारात होल्स्टरवर टेकलेला हात चौकटीबाहेर जातो, म्हणजे नेमकं जे बघायचं तेच.

चकमक

कंदिलाचं कोडं सोपं आहे. ते प्रसंग मुळात उन्हातच चित्रित झालेत. माळरानावर रात्री दिवे लावणं महाग, म्हणून दिवसा फिल्मवर प्रकाश साधारण दोन स्टॉप कमी, म्हणजे पावपटच घ्यायचे. कृष्णधवलमध्ये लेन्सवर लाल फिल्टर लावायचे, त्याने निळं आकाश काळं पडतं. ढग असतील तर आकाश चौकटीतच येऊ द्यायचं नाही. प्रत तयार करताना हा काळोख राखावा लागतो. यंत्राने किंवा नवख्या माणसाने 'चित्र अंधारं आहे' म्हणून उजळलं की रात्रीची दुपार होते. जमिनीवर कडक कडेच्या सावल्या दिसल्या की ओळखावं. आपल्या टीव्हीची आपोआप उजेड वाढवणारी सेटिंग बंद करून तोच प्रसंग पुन्हा बघा. तरीही ऊनच दिसलं तर दोष प्रतीचा.

कडेकपारी

सगळ्यांचे आभार, बराच उलगडा झाला. आणखी दोन गोष्टी. 'रायफलमन'ची रायफल इतक्या झपाट्याने कशी चालते? आणि 'वॅगन ट्रेन' मधला एक सीझन रंगीत, पुढचा पुन्हा कृष्णधवल असं का?

चकमक

ती विंचेस्टर १८९२ आहे, .४४-४० मापाच्या काडतुसाची. लिव्हरचं (ट्रिगरखालच्या, काडतूस पुढे सरकवणाऱ्या दांडीचं) कडं मोठं केलंय आणि ट्रिगरगार्डमधून एक स्क्रू आत घेतलाय. लिव्हर मिटला की स्क्रूचं टोक ट्रिगर दाबतं, बोट लावावंच लागत नाही. लिव्हर हलेल तितक्या वेगाने गोळी. कथेचा काळ १८८०च्या दशकातला, म्हणजे ही रायफल तेव्हा जन्मलीही नव्हती, पण हे मॉडेल त्या काळच्या वेस्टर्नांत सर्रास दिसतं. .३८-४० आणि .४४-४०च्या रायफली व रिव्हॉल्व्हर, शिवाय .४५ कोल्ट, या पाचांतही चालणारं एकच बिनगोळीचं, नुसता बार काढणारं काडतूस स्टुडिओंकडे असायचं. सेटवर काडतुसांची सरमिसळ झाली तरी अडायचं नाही, हा मोठा फायदा.

'वाँटेड: डेड ऑर अलाइव्ह' मध्ये स्टीव्ह मॅक्वीनकडे हीच १८९२ आहे, नळी आणि दस्ता कापून आखूड केलेली. त्याच्या कमरपट्ट्याकडे नीट बघा: काडतुसं .४५-७०ची आहेत, त्या बंदुकीत जाणारच नाहीत. मोठी आणि भारदस्त दिसतात, म्हणून लावली.

तिठा

'वॅगन ट्रेन' १९६२ मध्ये एनबीसीवरून एबीसीवर गेली. १९६३-६४च्या सीझनमध्ये ती रंगीत आणि दीड तासाची केली. एनबीसीवर 'द व्हर्जिनियन' १९६२ पासून त्याच मापाची चालली होती. इथे ते जमलं नाही आणि १९६४-६५चा शेवटचा सीझन पुन्हा एका तासाचा, कृष्णधवल आला. डिस्कमध्ये बिघाड नाही. फक्त त्या रंगीत ३२ भागांची लांबी तपासा. प्रत्येक भाग सव्वा तासाच्या आसपास हवा, पन्नास मिनिटांचा निघाला तर कापलेला आहे.