दाढीचा साबण जोडधंदा म्हणून : पहिला घाणा जमला, तिसरा का फसला?

प्रश्न : नवखा साबणकार

नमस्कार. गेली दोन वर्षे मी घरी अंघोळीचे साबण तयार करतो आणि चार महिन्यांपासून दाढीच्या साबणाकडे वळलो आहे. नोकरी सांभाळून महिन्याला तीस-चाळीस डब्या विकाव्यात, त्याहून मोठे काही करू नये, असा विचार आहे. पहिल्या घाण्याच्या डब्या ओळखीच्या लोकांना दिल्या तेव्हा सर्वांनी फेसाचे कौतुक केले आणि त्या भरात मी लेबले छापायला टाकण्याच्या बेतात होतो. परंतु तिसऱ्या घाण्याच्या साबणाचा फेस ब्रशवर छान चढतो आणि एका गालावरून वस्तरा फिरेपर्यंत दुसऱ्या गालावर बसून जातो. कृतीत मी काहीही बदल केलेला नाही.

एक किलो स्नेहद्रव्यांचे प्रमाण असे आहे : स्टिअरिक आम्ल ५०० ग्रॅम, खोबरेल तेल २०० ग्रॅम, शिया बटर २०० ग्रॅम आणि एरंडेल तेल १०० ग्रॅम. पाच टक्के स्नेह मोकळा, म्हणजे साबण न होता राहावा असा हिशेब धरून ११७ ग्रॅम कॉस्टिक पोटॅश (पोटॅशियम हायड्रॉक्साइड), ५६ ग्रॅम कॉस्टिक सोडा (सोडियम हायड्रॉक्साइड) आणि ४०० ग्रॅम पाणी घेतो. शिजवण्याची गरम पद्धत वापरतो. शेवटी सुगंधी तेल घालून डब्यांत भरतो.

फेस बसण्याचे कारण काय असावे, आणि विक्री सुरू करण्यापूर्वी आणखी कशाची तयारी हवी, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे. सुरुवातीला सहा सुगंध ठेवावेत असे मनात आहे.

उत्तर : वजनकाटा

तुमची स्नेहद्रव्यांची निवड चांगली आहे. चूक पोटॅशच्या आकड्यात आहे. कॉस्टिक सोडा बहुधा ९८-९९ टक्के शुद्ध मिळतो, त्यामुळे त्याचे वजन आहे तसे धरले तरी चालते. पोटॅशचे तसे नाही. चांगल्या प्रतीचा पोटॅशसुद्धा साधारणपणे ९० टक्क्यांच्या आसपास शुद्ध असतो आणि उरलेले बहुतांश पाणी असते. तुम्ही दिलेले ११७ ग्रॅम हे पूर्ण शुद्ध पोटॅशचे वजन दिसते.

आता हिशेब पाहा. तुमच्या स्टिअरिक आम्लाचा आम्लांक (एक ग्रॅम आम्लाला लागणारे शुद्ध पोटॅशचे मिलिग्रॅम) २०० आहे असे धरले, तर एक किलो स्नेहद्रव्यांना एकूण २०५ ग्रॅम शुद्ध पोटॅश लागेल. त्यातील ६० टक्के गरज पोटॅशने आणि ४० टक्के गरज सोड्याने भागवायची, तर मोकळा स्नेह ५ टक्के ठेवण्यासाठी ९० टक्के शुद्धतेचा पोटॅश १३० ग्रॅम घ्यावा लागतो. तुम्ही ११७ ग्रॅम घेतल्यामुळे प्रत्यक्षात मोकळा स्नेह ११ टक्क्यांच्या जवळ गेला. अंघोळीच्या साबणात एवढा स्नेह राहिला तर लोक त्याला मुलायम म्हणतील, पण दाढीच्या साबणात साबण न झालेले तेल बुडबुड्यांच्या पातळ पडद्यात शिरून त्यांना फोडत राहते. मी स्वतः ३ टक्क्यांच्या वर जात नाही. त्यासाठी तुमच्या कृतीला पोटॅश १३३ ग्रॅम आणि सोडा ५७ ग्रॅम पुरेल.

पहिला घाणा जमला आणि तिसरा फसला याचे कारण बहुधा पोटॅशच्या पिशवीत आहे. उघडी राहिलेली पिशवी हवेतील ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषत राहते, म्हणजे वजनकाट्यावर आकडा तोच दिसतो आणि त्यातले कामाचे द्रव्य मात्र कमी होत जाते. शुद्धता घरीच तपासता येते. दहा ग्रॅम पोटॅश पाण्यात विरघळवून त्यात फिनॉल्फ्थॅलीन या रंग बदलणाऱ्या दर्शकाचे काही थेंब टाकावेत आणि गुलाबी रंग जाईपर्यंत वजन केलेल्या निर्जल सायट्रिक आम्लाचे द्रावण थोडे थोडे घालत जावे. एक ग्रॅम निर्जल सायट्रिक आम्ल ०.८७६ ग्रॅम पोटॅश संपवते; म्हणून ९० टक्क्यांच्या पोटॅशला सुमारे १०.३ ग्रॅम आम्ल लागेल. त्याहून बरेच कमी लागले तर पिशवी बदलावी.

स्टिअरिक आम्लाविषयीही थोडे सांगतो. या आम्लाला व्यापारात स्थान मिळाले ते मेणबत्तीमुळे. शेव्हरल आणि गे-ल्युसॅक या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८२५ मध्ये त्याच्या मेणबत्त्यांचे पेटंट घेतले होते. आजही मेणबत्तीच्या सामानात ते मिळते, परंतु बाजारात ज्याला स्टिअरिक म्हणतात त्यात पामिटिक आम्लाचा मोठा वाटा असू शकतो आणि त्यानुसार कॉस्टिकची गरज बदलते. पुरवठादाराकडून प्रत्येक खेपेचे विश्लेषणपत्र मागून घ्यावे आणि त्यावरचा आम्लांक हिशेबात धरावा. विश्लेषणपत्र देत नसेल तर तो माल कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये.

आणखी एक उणीव दिसते. तेलांचा साबण होताना ग्लिसरीन सुटते, पण स्टिअरिक हे मोकळेच आम्ल असल्यामुळे त्याच्यापासून फक्त साबण आणि पाणी मिळते. म्हणजे तुमच्या निम्म्या स्नेहद्रव्यांकडून ग्लिसरीन येतच नाही. साबण शिजल्यावर किलोमागे ६० ते ८० ग्रॅम ग्लिसरीन वरून घालून पाहा. फेस ओलसर राहतो आणि वस्तरा अधिक सहज घसरतो.

उत्तर : रोजचा वस्तरा

मी साबण तयार करत नाही, फक्त वापरतो आणि मित्रांनी केलेले साबण तपासून देतो. त्यामुळे वापरणाऱ्याच्या बाजूने लिहितो.

ओळखीच्या लोकांचे कौतुक हा पुरावा धरू नका. फुकट मिळालेल्या डबीला कोणी नावे ठेवत नाही, आणि प्रत्येकाचा ब्रश, पाणी आणि सवय वेगळी असते. एकच ब्रश, तोलून घेतलेला एक ग्रॅम साबण आणि मोजून घेतलेले पाणी यांनी वाटीत फेस करा आणि तो दहा मिनिटे तसाच ठेवा. किती मिनिटांनी कडेला पाणी सुटते आणि वरचे बुडबुडे मोठे होऊ लागतात, हे वहीत लिहा. हीच चाचणी एकदा ऊर्ध्वपातित पाण्याने आणि एकदा दुष्फेन पाण्याने करा. दुष्फेन पाण्यातील कॅल्शियम स्टिअरिक साबणाशी संयोग पावून न विरघळणारा साका तयार करते, आणि ज्यात निम्मे स्टिअरिक आहे अशा साबणाला त्याचा फटका अधिक बसतो. तुमच्या घरचे पाणी सुफेन असेल तर हा दोष तुम्हाला कधी दिसणारच नाही, ग्राहकाला मात्र पहिल्याच दिवशी दिसेल.

दुसरे म्हणजे फेस दिसायला मोठा असणे आणि दाढीला चांगला असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खोबरेलामुळे फेस भराभर फुगतो, पण तो हलका असतो आणि प्रमाण वाढले तर त्वचा ओढल्यासारखी वाटते. वस्तऱ्याला हवा असतो तो दाट, बारीक बुडबुड्यांचा आणि पाणी धरून ठेवणारा फेस. मी तर साबण तपासताना एकदा वस्तरा फिरवून फेस निघून गेल्यावर त्याच जागी ओले बोट फिरवून पाहतो. तिथे निसरडेपणा शिल्लक असेल तर तो साबण पुन्हा घ्यावासा वाटतो. सुगंध मी सर्वांत शेवटी पाहतो, पण सर्व ग्राहक माझ्यासारखे नसतात हेही मान्य करतो.

नवखा साबणकार

दोघांचेही आभार. पिशवीवर शुद्धता ९० टक्के छापलेली आहे. ती मी पाहिली होती, पण हिशेबात धरायची असते हे लक्षातच आले नव्हते. पिशवी तीन महिने नुसती दुमडून ठेवलेली होती, आणि तिच्या तळाशी खडे बनले आहेत.

उत्तर : डबीवाला

मी सहा वर्षे हाच जोडधंदा करतो आहे. रसायनाचे वर उत्तम आले आहे, म्हणून विक्रीकडे वळतो.

दाढीच्या साबणाचा गुण हाच धंद्यातला सर्वांत मोठा अडसर आहे, आणि हे नवीन माणसाला कोणी सांगत नाही. एका दाढीला अर्धा ते एक ग्रॅम साबण पुरतो, म्हणजे शंभर ग्रॅमची डबी शंभर ते दोनशे दाढ्या चालते. रोज दाढी करणारा माणूससुद्धा तीन महिन्यांच्या आत परत येत नाही, आणि एक दिवसाआड करणारा सहा महिने ते वर्षभर येत नाही. त्यामुळे महिन्याला चाळीस डब्या खपवायच्या असतील तर चाळीस ग्राहक पुरत नाहीत. किमान दीडशे-दोनशे माणसांना तुमचा साबण माहीत असून आवडलेला असावा लागतो. हे समजून जो उतरतो तो टिकतो. मला पहिल्या वर्षी वाटले की साबणच वाईट असेल. तो वाईट नव्हता, लोकांच्या डब्याच संपल्या नव्हत्या.

एवढ्या अंतराने परत आलेल्या ग्राहकाला पहिल्या डबीसारखीच डबी मिळाली पाहिजे. म्हणून माझा आग्रह असा की सहा सुगंधांचा विचार सध्या सोडावा, मूळ साबण एकच ठेवावा आणि सलग तीन घाणे वर सांगितलेल्या चाचणीत सारखे उतरेपर्यंत एकही डबी विकू नये. त्यानंतर दोन सुगंध आणि एक बिनवासाचा साबण पुरेसा आहे. बिनवासाचा साबण कमी खपतो, पण तक्रार आली की दोष साबणात आहे की सुगंधात हे त्याच्यावरून कळते. सुगंधी तेल घेताना त्यासोबत इफ्राचे (सुगंध उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मानकांचे) प्रमाणपत्र मागावे. दाढीच्या साबणासाठी त्या तेलाची कमाल मर्यादा किती हे त्यात दिलेले असते. व्हॅनिलिन असलेला सुगंध साबणाला हळूहळू तपकिरी करतो, हे मला दोन डझन पांढऱ्या डब्यांनी शिकवले.

किमतीचा हिशेब करताना कच्च्या मालापाशी थांबू नका. तुमच्या कृतीतून ग्लिसरीन धरून सुमारे दीड किलो साबण निघेल, म्हणजे ११५ ग्रॅमच्या तेरा डब्या. माझ्या अनुभवात आतल्या साबणापेक्षा झाकणाची डबी, लेबल आणि पाठवणीचे खोके यांचा खर्च अधिक होतो. शिवाय तोलणे, शिजवणे, भरणे, भांडी धुणे आणि नोंदी करणे यांत एका घाण्यामागे तीन-चार तास सहज जातात. तेवढेच काम थोड्या मोठ्या भांड्यात तीन किलोंच्या घाण्याला जवळपास तेवढ्याच वेळात होते. पण हात बसण्यापूर्वी मोठा घाणा घेऊ नका, कारण फसला तर तोही मोठाच फसतो.

डबीवरचे वजनही जपा. साबण दोन-चार आठवडे मुरताना पाणी उडून वजन घटते. भरताना ११५ ग्रॅम असलेली डबी विकताना ११० ग्रॅम भरू शकते. लेबलावर विक्रीच्या वेळी खात्रीने भरेल तेच वजन छापावे. घाण्याचा क्रमांक प्रत्येक डबीवर हवा आणि त्या क्रमांकावरून कोणत्या पिशवीतला पोटॅश व कोणत्या खेपेचे तेल वापरले हे वहीत सापडले पाहिजे. सौंदर्यप्रसाधनांच्या चांगल्या उत्पादनपद्धतीसाठी आयएसओ २२७१६ हे मानक आहे. घरगुती प्रमाणावर ते सगळे पाळता आले नाही तरी नोंदी ठेवण्याची शिस्त त्यातून जरूर घ्यावी. अंघोळीच्या साबणाला काही देशांत जी कायदेशीर सूट असते ती दाढीच्या साबणाला मिळेलच असे नाही, म्हणून आपल्या देशातील प्रसाधनांचे नियम लेबले छापण्यापूर्वी पाहावेत. पुरळ बरे होते किंवा त्वचारोग जातो असे लेबलावर लिहिले की साबण औषधांच्या नियमांत जाऊ शकतो, तेव्हा तो मोह टाळावा.

वजनकाटा

डबीवाल्यांशी एका बाबतीत माझे मत जुळत नाही. तीन घाणे सारखे येईपर्यंत विक्री थांबवावी हे बरोबर, पण दहा-पंधरा ग्रॅमचे नमुने अनोळखी लोकांना अल्प किमतीत देण्यास तेवढे थांबू नये. मात्र आधी तेवढ्यापुरते प्रसाधनांचे नियम पाहून घ्यावेत आणि प्रत्येक घाण्यात कॉस्टिक मोकळे उरलेले नाही याची खात्री करावी. पैसे देऊन घेतलेल्या नमुन्याविषयी माणूस मोकळेपणाने बोलतो, आणि दुष्फेन पाण्याच्या गावातला एखादा ग्राहक तुमच्या वहीत नसलेली माहिती देऊन जातो. दुष्फेन पाण्याच्या तक्रारी आल्या तर पाण्यातील कॅल्शियम धरून ठेवण्यासाठी किलोमागे १० ग्रॅम सायट्रिक आम्ल घालावे, आणि ते कॉस्टिकशी संयोग पावत असल्यामुळे ९० टक्क्यांचा पोटॅश सुमारे १० ग्रॅम वाढवावा.

नवखा साबणकार

काल नव्या बंद पिशवीतला पोटॅश १३३ ग्रॅम आणि सोडा ५७ ग्रॅम घेऊन, वर ७० ग्रॅम ग्लिसरीन घालून घाणा केला. अजून मुरलेला नाही, पण वाटीतला फेस दहा मिनिटांनंतरही उभा होता. लेबलांचे काम थांबवले आहे. तिसऱ्या घाण्याच्या तेरा डब्या मात्र तशाच पडून आहेत. त्या वितळवून, कमी पडलेला पोटॅश घालून विकता येतील का?

वजनकाटा

पोटॅशची शुद्धता माहीत असती तर तूट मोजून, तेवढे द्रावण घालून पुन्हा शिजवता आले असते. तुमच्या त्या पिशवीत नेमके किती द्रव्य उरले होते हे आता सांगता येत नाही, आणि अंदाजाने पोटॅश घातला तर तो मोकळा उरून एखाद्याच्या नुकत्याच वस्तरा फिरलेल्या गालावर आग होईल. त्या डब्या विकू नका. घरी हात धुवायला वापरा, आणि एक डबी क्रमांक घालून कपाटात ठेवा. वर्षाने तिला खवट वास येतो का हे पाहायला ती उपयोगी पडेल.