इंग्लंडातल्या नदीकाठच्या वाटा आणि जुनी ठिकाणं : तुमचे अनुभव सांगा

चिंचगूळ :
काल माळा आवरताना माझे जुने चालायचे बूट सापडले. एकाचा सोल सुटलाय आणि खाचांमध्ये पांढरट चिखल वाळून बसलाय. ऑक्सफर्डशायरचा. तिकडे चिल्टर्न टेकड्यांची जमीनच खडूची आहे. आवरणं तिथेच राहिलं.

आम्ही तेव्हा रेडिंगला होतो, आईबाबा उन्हाळ्यात आले होते. बाबा पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त. लंडनमधले राजवाडे बघून "बरं आहे" एवढंच म्हणाले. एका रविवारी त्यांना गोरिंगला थेम्सकाठी नेलं. तिथे लॉक आहे. बोट हौदात शिरते, मागची दारं बंद होतात, झडपा उघडून पाणी उतरवतात, पाण्याबरोबर बोट खाली जाते, मग पुढची दारं उघडतात. बाबा तिथून हलेचनात! थेम्सवर अशी ४५ लॉक आहेत म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांत जे आलं ते राजवाड्यात आलं नव्हतं. लॉकवरच्या माणसाला हातवारे करून विचारलं, दारांखालून गळती किती? त्यालाही कळलं. दोघं वाकून गळती बघत बसले.

तिथून गाडीने स्टोक रो नावाच्या खेड्यात गेलो. तिथे चक्क काशीनरेशांची विहीर आहे. ईश्वरीप्रसाद नारायण सिंह. त्यांच्या ओळखीचा एक इंग्रज अधिकारी होता, रीड, मूळचा या स्टोक रोच्या भागातला. आमच्या गावाकडे पाण्याचे फार हाल आहेत, हे त्याने बोलता बोलता सांगितलेलं राजांच्या लक्षात राहिलं आणि त्यांनी विहिरीचा खर्च पाठवला. १८६४ साली खुली झाली. वर घुमटी, घुमटीखाली सोनेरी हत्ती. खोली ३६८ फूट, रुंदी जेमतेम चार फूट, सगळी हाताने खणलेली. बाबांनी चष्मा पुसला, आत वाकून बघितलं, बोटांवर परसांत (परस म्हणजे साधारण सहा फूट) हिशोब केला आणि म्हणाले, "साठ परस! आपल्याकडे सात परसाला पाणी लागलं नाही तर माणूस देवाला नारळ बोलतो." मग बराच वेळ गप्प. परतताना गाडीत एकदम, "चार फुटांत टिकाव फिरवला कसा असेल रे त्याने?"

तुम्हीही लिहा. गाव, नदी, पडझडीचा चर्च, काहीही चालेल.

खमंग_काकडी :
भारी लिहिलंय! बाबांना सा. न.
आमच्याकडे इतिहास वगैरे काही नाही. नवरा प्रत्येक भग्नावशेषाशी पोचला की आधी विचारतो, "इथे चहाचं काय?" स्कोनवर (चहाबरोबर खायचा छोटा बन) आधी साय का आधी जाम यावरून डेव्हन आणि कॉर्नवॉलवाले भांडतात म्हणे. आम्ही दोन्ही पद्धतींनी खाऊन बघितलं. निकाल लागेना म्हणून परत खाल्लं.

पाऊस_येणारे :
@खमंग_काकडी डेव्हनमध्ये आधी साय. संपला विषय.

मिरजेचा_बंड्या :
सासऱ्यांना रनीमीडला नेलं होतं, मॅग्ना कार्टाचा करार झाला ते ठिकाण. नागरिकशास्त्राचे शिक्षक ते, ३० वर्षं वर्गात मॅग्ना कार्टा, १२१५, जॉन राजा शिकवलेलं. स्टेशनपासून कडक इस्त्रीचा शर्ट घालून चालत आले. पोचल्यावर बघतात तर कुरण. गवत, गायी, बाजूला थेम्स. एक दगडी छत्री आहे ती अमेरिकन वकिलांनी १९५७ साली उभारलेली. "इंग्रजांनी स्वतः काहीच नाही बांधलं?" इतकं मनाला लागलं त्यांच्या. मग नदीच्या पलीकडे अँकरविकचं यूचं जुनाट झाड आहे, २५०० वर्षांचं असावं म्हणतात, ते बघू म्हटलं. तर मध्ये पूल नाही! झाड समोरच्या काठावर आणि तिथे जायला गाडीने लांबचा वळसा. सासरे म्हणाले, राहू दे, करार झाला तेव्हा झाड तिथे होतं एवढं पुरे.

वर टेकडीवर हवाई दलाचं स्मारक आहे ते मात्र चुकवू नका. ज्यांची थडगी नाहीत अशा वीस हजारांवर जणांची नावं भिंतींवर कोरलेली. त्यात दुसऱ्या महायुद्धातली हेर नूर इनायत खान हिचं नाव सापडलं. सासऱ्यांनी चप्पल काढली. मलाही काढावी लागली, हिवाळा होता.

अळूची_भाजी :
आई गं, हिवाळ्यात :(

गोदाकाठ :
यॉर्कशायरला बोल्टन अ‍ॅबी. व्हार्फ नदीत पलीकडे जायला साठेक दगड मांडलेत, त्यावरून उड्या मारत जायचं. मी, चुडीदार, खांद्याला डबा. पस्तिसाव्या दगडाला समोरून कुत्रा आला. दगडावर दोघांना जागा नव्हती. पुढचं तुम्हाला कळलंच. डबा वाचला. बाईंनी म्हणजे कुत्र्याच्या मालकिणीने इतक्या वेळा सॉरी म्हटलं की मीच तिला सॉरी म्हटलं.

तीच नदी पुढे स्ट्रिड म्हणून ठिकाणी एकदम अरुंद होते, अक्षरशः उडी मारून जाऊ असं वाटावं इतकी. मारायची नाही! खाली खडक आतून पोखरलेला आहे आणि सगळी नदी तेवढ्याशा फटीत घुसते. निघोजचे रांजणखळगे आठवले, तोच प्रकार, फक्त इथे वर शेवाळ आणि हिरवी झाडी म्हणून निरागस दिसतं. माणसं गेलेली आहेत तिथे. काठावर पाट्या आहेत, तरी एक जण लेकराला कडेवर घेऊन फोटो काढत होता. मी ओरडले त्याला. मराठीत. गेला मागे.

मिरजेचा_बंड्या :
मराठीत ओरडलेलं जगात कुठेही कळतं

चहा_कमी_साखर :
उत्तर इंग्लंडातली हेड्रियन या रोमन सम्राटाची भिंत. नवरा ट्रेकर, सह्याद्री पालथा घातलेला. भिंतीसमोर उभा राहून म्हणतो, "एवढीच?" कमरेएवढी उरलीय बऱ्याच ठिकाणी, कारण गावकऱ्यांनी दगड नेऊन गोठे नि घरं बांधली. (आपल्या गडांचं काय वेगळं झालं म्हणा.) पण इसवी सन १२२ पासून ७३ मैल, ह्या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत. चेस्टर्सला नॉर्थ टाइन नदीकाठी रोमन सैनिकांचं स्नानगृह आहे, तिथे कपडे ठेवायचे कोनाडे अजून भिंतीत तसेच. ते बघून मात्र गप्प झाला. म्हणाला, थंडीने कुडकुडत आले असतील बिचारे.
भिंतीलगतच्या सिकॅमोर गॅप खिंडीतल्या झाडाखाली आमचा फोटो आहे. २०२३ मध्ये कोणीतरी रात्रीत करवतीने पाडलं ते. बातमी वाचून मी ऑफिसात रडले, सगळे विचारायला लागले घरी कोण गेलं का.

अळूची_भाजी :
@चहा_कमी_साखर फोटो टाक ना गं

टोलधाड :
यंत्रवाला माणूस, त्यामुळे माझं मत आयर्नब्रिजला. सेव्हर्न नदीवरचा ओतीव लोखंडाचा पूल, १७७९. त्याआधी एवढा मोठा लोखंडी पूल कोणी बांधलाच नव्हता, म्हणून जोड कसे द्यायचे माहीत नाही. मग सुतारकामासारखे दिले! खाच, खुंटी, पाचर. जवळ जाऊन बघा, लाकडाचा पूल लोखंडात केल्यासारखा दिसतो.
आणि टोलघरावरची पाटी वाचाच. सैनिक, टपालगाडी, राजघराणं, कोणालाही टोल माफ नाही असं स्वच्छ लिहिलंय. ती पाटी आपल्या नाक्यावर लावली तर "मी अमक्या साहेबांचा पीए" म्हणणाऱ्यांचं काय होईल?

पाऊस_येणारे :
पाटीच चोरीला जाईल

अळूची_भाजी :
मी फक्त पाऊलवाटांबद्दल. कोणाच्याही शेतातून जायचं, पिवळा बाण दिसला की झालं, शेतकरी काही बोलत नाही, उलट "मॉर्निंग" म्हणतो. मला सुरुवातीला इतकं चोरट्यासारखं व्हायचं. गावाकडे बांधावरून भाऊबंदकीत कोर्ट चाललंय आमचं २२ वर्षं.
आणि नेटल!! हाताला लागलं की आग आग. शेजारची आजी म्हणाली डॉकचं पान चोळ. चोळलं. हात हिरवा झाला, आग तशीच.

गोदाकाठ :
आपली खाजकुइली परवडली का?

अळूची_भाजी :
नाही :D

वरणभात१९७४ :
उशिरा आलो. केंब्रिजला मुलगी होती, तिच्याकडे गेलो तेव्हा सेंट जॉन्स कॉलेज बघायचंच होतं. आमचे आजोबा गणिताचे, फर्ग्युसनचे. रँग्लर परांजपे १८९९ साली इथे सीनियर रँग्लर झाले, म्हणजे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले आले, ही गोष्ट आजोबांनी जेवताना इतक्या वेळा सांगितली होती की भात कालवताना मला अजून ती आठवते. फाटकावरच्या माणसाला सांगितलं, तो म्हणाला "व्हेरी गुड सर" आणि तिकीट दिलं. कौतुक नाही, पैसे.
मग कॅम नदीच्या काठाने ग्रँटचेस्टरपर्यंत चालत गेलो, तीनेक किलोमीटर कुरणातून. फाटकं अशी की एका वेळी एकच माणूस जातो, गाय अडकते. माझं पोट अडकलं. मुलगी हसत राहिली, मदत नाही केली.

खमंग_काकडी :
काका :D :D तिथल्या बागेत झाडांखाली खुर्च्या टाकून चहा देतात ना?

वरणभात१९७४ :
हो. आधी जाम.

पाऊस_येणारे :
निषेध.

टोलधाड :
रच्याकने (बाय द वे), पार्किंगचं सांभाळा. एका जुन्या मठाबाहेर यंत्रात नाणी अडकली, चिठ्ठी आली नाही, आणि घरी दंडाचं पत्र आलं. तीन महिने पत्रव्यवहार केला. मठ कुठला ते आता आठवतही नाही, यंत्राचा चेहरा आठवतो.

चहा_कमी_साखर :
नोव्हेंबरात दीड वर्षाच्या पोराला घेऊन थेम्सकाठी कुठे जमेल का? बाबागाडी चालेल अशी वाट हवी.

गोदाकाठ :
नोव्हेंबरात चिखल. पाठीवरची झोळी घे. चारनंतर अंधार पडतो हेही धर.

चिंचगूळ :
सगळ्यांचं वाचून मजा आली. आत्ता बाबांना धागा वाचून दाखवला. लॉकचं ऐकताना मान डोलावली, विहिरीला आल्यावर थांबवलं. "साठ नाही, एकसष्ट परस म्हणालो होतो मी. दुरुस्त कर." केलं नाहीये अजून.

वरणभात१९७४ :
तुमच्या बाबांना भेटायला आवडेल. आणि बुटाचा सोल कुठे लावून मिळतो ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, माझेही दोन्ही सुटलेत.