‘कोप केज’ला मराठीत काय म्हणावं?

अर्धविराम:
युक्रेन युद्धावरचा एक लेख मराठीत आणतेय, एका शब्दापाशी गाडी अडलीय. ड्रोनपासून बचाव म्हणून रणगाड्याच्या टरेटवर, म्हणजे तोफेच्या फिरत्या घुमटावर, सळया, जाळी, मिळेल तो पत्रा वेल्ड करून जे छत उभं करतात, त्याला इंग्रजीत ‘कोप केज’ हे टिंगलीचं नाव आहे. मी ‘जाळीचं छत’ लिहिलं, संपादकांनी ‘संरक्षक पिंजरा’ केलं. टिंगल गेली ती गेलीच. वर रशियन सैनिक त्याला ‘मंगाल’ म्हणतात, म्हणजे मांस भाजायची शेगडी. मुद्रितशोधनात त्याचं ‘मंगल’ झालं! ‘सैनिकांनी रणगाड्यांवर मंगल उभारले’ असं वाक्य छापून येता येता वाचलं.

गंजका खिळा:
देवनागरीत ‘कोप’ लिहिलंत की वाचक थेट कैकेयीच्या कोपभवनात. इथला कोप म्हणजे स्वतःचीच समजूत घालणं. तेव्हा ‘समजुतीचा पिंजरा’. किंवा दुधाची तहान ताकावर, म्हणून ‘ताकजाळी’.

वेल्डिंगवाला:
पिंजरा कशाला म्हणता? पिंजरा आतल्याला बाहेर जाऊ देत नाही, हे बाहेरच्याला आत येऊ देत नाही. आणि 2021 च्या अखेरीस जे पहिले फोटो आले त्यात चार खांब आणि वर जाळी, बाजू सताड उघड्या. त्याला मांडव म्हणतात.

कानामात्रा:
बाजूंनाही जाळ्या आल्या की मग पिंजराच की. माझी तक्रार वेगळी आहे. लेखांमधून सर्रास ‘जुगाडू चिलखत’ वाचतो. जुगाड हिंदी आहे. ‘वेळ मारून नेणे’ आपल्याकडे असताना ‘वेळमारू चिलखत’ का नको?

गंजका खिळा:
‘चिलखत’ तरी कुठे आपल्या आजोबांचं? चिल्ता, बख्तर, सगळं फारसीच्या वाटेनं आलेलं. तिथे चालतं, जुगाड नाही?

कानामात्रा:
चारशे वर्षं राहिला की भाडेकरू घरचा होतो.

जुनी वही:
घरचाच शब्द हवा तर ‘पाखर’ घ्या. घोड्या-हत्तीच्या अंगावरचं चिलखत म्हणजे पाखर. रणगाडा हा आजचा हत्तीच. ‘मायेची पाखर’सुद्धा त्यातूनच आली.

अर्धविराम:
ती पंखांची ना? पाखरू, पाखर. आजी म्हणायची, कोंबडी पिलांवर पाखर घालते.

जुनी वही:
आजीला माझा नमस्कार सांगा, पण पाखर संस्कृत ‘प्रक्षर’वरून. पाखरू पक्ष्यावरून. दोन वेगळी घरं.

वेल्डिंगवाला:
वेगळी असोत, चिटकली छान आहेत. पण मायेची ऊब असलेला शब्द त्या गंजक्या जाळीला शोभेल का? टिंगल हवी होती ना?

गंजका खिळा:
टिंगल आता उरलीय कुठे? 2022 च्या सुरुवातीला लोक हसले, कारण जॅव्हलिनसारखं वरून येणारं क्षेपणास्त्र त्या जाळीला जुमानणार नव्हतं. मग आरपीजीचं, म्हणजे खांद्यावरून डागायच्या रणगाडाविरोधी रॉकेटचं, तोंड बांधलेले स्वस्त एफपीव्ही ड्रोन आले, कॅमेऱ्यातून बघत चालवायचे. टरेटच्या माथ्यावरचा पत्रा समोरच्यापेक्षा कितीतरी पातळ, ते नेमके तिथेच बसतात. जाळीत अडकलं, स्फोटकाचं नाक चेपलं, तर ते धड फुटत नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये इस्रायलच्या मेरकावा रणगाड्यांवर छतं आली, नंतर युक्रेनकडच्या अमेरिकी अब्राम्स रणगाड्यांवरही जाळ्या. हसणारेच मांडवाखाली!

अर्धविराम:
म्हणजे लेख 2022 चा असेल तर टिंगल ठेवू, आणि 2024 चा असेल तर काढू?

कानामात्रा:
लेखकानं जो शब्द वापरलाय त्याचा सूर ठेवा. काळाची दुरुस्ती अनुवादकानं करू नये.

जुनी वही:
2024 च्या वसंतातल्या त्या ‘कासव’ रणगाड्यांना काय म्हणणार? अख्खा रणगाडा पत्र्याच्या शेडखाली, टरेट फिरायलाही जागा नाही, पुढे सुरुंग चिरडणारे रोलर. रशियन त्यालाही ‘सराय’ म्हणतात, म्हणजे शेड, गोदाम.

वेल्डिंगवाला:
सराय! धर्मशाळा झाली की. ‘खोपटं’ म्हणा. ‘कोप’शी नादही जुळतो.

गंजका खिळा:
इरलं! वाकून चिखलात चाललेला, पाठीवर इरलं घेतलेला माणूस डोळ्यांसमोर आणा. आणि तारांचे दोर उसवून काटे उभे केलेले नवे रणगाडे म्हणजे साळिंदर.

कानामात्रा:
इरलं पाण्यासाठी, ड्रोनसाठी नव्हे.

गंजका खिळा:
टँक तरी युद्धासाठी होता का? पहिल्या महायुद्धात गुपित फुटू नये म्हणून इंग्रजांनी त्याला पाण्याची टाकी म्हटलं, तेच नाव चिकटलं. आणि तो ‘टँक’ मुळात आपल्या ‘टाकं’वरून गेलेला आहे, हे विसरू नका.

जुनी वही:
चूक. पोर्तुगीज ‘तांके’. पाणी अडवणं या अर्थाच्या क्रियापदावरून.

गंजका खिळा:
पोर्तुगीज पश्चिम किनाऱ्यावर उतरले तेव्हा टाकी पाहूनच उचलला असेल कशावरून नाही?

जुनी वही:
कारण लेण्यांमधल्या टाक्या म्हणजे...

कानामात्रा:
टाकी. ‘टाकं’चं अनेकवचन टाकी. टाक्या पाण्याच्या, प्लॅस्टिकच्या.

वेल्डिंगवाला:
आणि दगड फोडायची ती टाकी?

जुनी वही:
ती वेगळी. पण थांबा, टाकं दगडात टाकीनंच खोदतात...

अर्धविराम:
मंडळी, लेख उद्या संध्याकाळी द्यायचाय. सध्या ‘खोपटं’ लिहून ठेवते.

जुनी वही:
खोपटं? पाखर का नाही?