गोवा ७०.३ : क्लबचे सहा जण, समुद्र पहिल्यांदाच. एकत्र कुठवर राहता येतं?

टाकीतला_मासा

नमस्कार मंडळी. पुण्याच्या आमच्या क्लबमधले सहा जण (चार पुरुष, दोन बायका) गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ ला (१.९ किमी पोहणं, ९० किमी सायकल, २१.१ किमी धावणं) उतरतोय. ऑलिम्पिक अंतर (१.५ किमी पोहणं, ४० किमी सायकल, १० किमी धावणं) सगळ्यांनी केलंय, पण पोहणं टाकीतच. समुद्रात कुणीच पोहलेलं नाही. टाकीत १०० मीटरला २:१० ते २:३० लागतात, सायकल ताशी २६-२८ ने जाते.

सराव कायम एकत्र होतो, त्यामुळे रेसमध्येही एकमेकांना धरून राहायचा विचार आहे. नियमात ते कितपत बसतं? आणि पावसाळाभर समुद्र बंद असताना समुद्राची तयारी कशी करायची?

उधाण_भांग

आधी हिशोब. पोहण्याची मुदत १ तास १० मिनिटं. २:३० च्या वेगाने १.९ किमीला साडेसत्तेचाळीस मिनिटं होतात, म्हणजे कागदावर तुम्ही निवांत आहात. पण समुद्रात तळाला काळी रेघ नसते. नवखा माणूस नागमोडी जातो आणि १.९ चे सहज २.२ किमी करतो. लाटांमुळे वेग २:४५ वर आला तर तासभर लागला. त्यामुळे वेग वाढवण्यापेक्षा सरळ पोहायला शिका.

दर ६ ते ८ हातांनी डोळे पाण्यावर काढायचे, फक्त डोळे. हनुवटी वर आली की कंबर बुडते आणि मान भरून येते. बघून झालं की श्वास नेहमीसारखा बाजूलाच घ्यायचा. लाटेच्या खळग्यात असताना बोया (मार्ग दाखवणारी तरंगती खूण) दिसतच नाही, तेव्हा उगाच मान ताणू नका, लाटेच्या माथ्यावर आल्यावर बघा. पोहणं जिथे होतं त्या मिरामार किनाऱ्याचं तोंड नैऋत्येला आहे, म्हणून परतीच्या पोहण्यात सकाळचा सूर्य समोरून किंवा उजवीकडून डोळ्यांवर येतो आणि बोया दिसेनासा होतो. आदल्या दिवशी त्याच वेळेला किनाऱ्यावर जा, बोयाच्या रेषेत मागे एखादी उंच इमारत किंवा झाडांचा ठळक झुबका हेरून ठेवा. गॉगल गडद काचेचा हवा.

मांडवी नदी तिथेच समुद्राला मिळते, त्यामुळे भरती-ओहोटीची ओढ जाणवते. रेसची तिथी बघून ठेवा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे ओढ जास्त. अष्टमीच्या सुमारास भांग, ओढ कमी. बोयाकडे जाताना सारखे एकाच बाजूला सरकत असाल तर नाक बोयाच्या दुसऱ्या बाजूला थोडं रोखून पोहा.

पावसाळ्यात समुद्रात उतरू नका. नारळी पौर्णिमेला कोळी बांधव नारळ अर्पण करतात म्हणून लगेच पोहणाऱ्याला समुद्र मोकळा झाला असं नाही. सप्टेंबर सरता सरता, स्थानिक मच्छीमारांना आणि जीवरक्षकांना विचारून, सोबत होडी ठेवून मालवणच्या चिवला बीचसारख्या ठिकाणी दोन-तीन शनिवार-रविवार काढा. तोवर टाकीत करण्यासारखं भरपूर आहे. एका लेनमध्ये चौघांनी चिकटून पोहा, धक्के आणि चेहऱ्यावर पाणी अंगवळणी पडू द्या. भिंतीला हात न लावता अलीकडूनच वळा, म्हणजे दर २५ मीटरला मिळणारी विश्रांती बंद होते. सहा हात डोळे मिटून, मग बघायचं. डोळे उघडल्यावर दरवेळी उजव्या दोरीजवळ सापडलात तर तुमचा एक हात आखूड पडतोय.

सुरुवातीच्या २०० मीटरला छाती आवळल्यासारखी होऊ शकते. तसं झालं तर पाठीवर वळा, लांब श्वास सोडा. कयाक (बचावासाठीची छोटी होडी) धरून थांबायलाही परवानगी असते, फक्त कयाकने तुम्हाला पुढे नेता कामा नये. मदत हवी असेल तर हात वर. त्रास ओसरला नाही तर बाहेर या, त्यात संकोच नको.

बारा_मीटर

एकत्र राहण्याबद्दल. पोहताना पुढच्याच्या मागे चिकटून राहणं नियमात बसतं, सायकलवर बिलकूल नाही, धावताना बसतं. क्लबची सगळी आखणी यावरून करा.

पाण्यात पुढच्याच्या पायांमागे अर्ध्या मीटरवर किंवा त्याच्या कमरेशी राहिलात तर दमणूक बरीच वाचते. तुमच्यात सर्वांत सरळ पोहणारा असेल तो पुढे. सर्वांत वेगवान नव्हे, सरळ. सुरुवात रोलिंग असते, अपेक्षित वेळेप्रमाणे रांगेत उभं राहायचं आणि थोडे थोडे जण सोडले जातात. २:१० वाले तिघं एका गटात, २:३० वाले दुसऱ्या गटात राहा. सहाही जण एकत्र राहायला गेलात तर निम्मे दमतील आणि निम्मे अडकतील.

सायकलवर मात्र पुढच्याच्या पुढच्या चाकापासून तुमच्या पुढच्या चाकापर्यंत १२ मीटर अंतर लागतं. १२ मीटर म्हणजे साधारण सहा सायकली एकामागे एक. त्या पट्ट्यात शिरलात की २५ सेकंदांत पुढे जायलाच हवं, मध्येच मागे येता येत नाही. आणि ज्याला ओलांडलं त्याने लगेच मागे सरकून पुन्हा १२ मीटर मोकळे करायचे. क्लबवाले नेमके इथेच अडकतात. रविवारच्या राईडला चाकाला चाक लावायची सवय, त्यात मित्र पुढे गेला की त्याच्यामागे आपोआप राहिलं जातं. या चुकीचं निळं कार्ड मिळालं की पेनल्टी टेंटमध्ये ५ मिनिटं, तीन निळी कार्डं म्हणजे बाद. शेजारी शेजारी गप्पा मारत चालवणंही नियमबाह्य. डाव्या कडेने चालवा, उजवीकडूनच ओलांडा.

रेसआधीचे दोन महिने दर आठवड्याला एक लांब राईड १२ मीटर सोडून करा. वाऱ्याला एकट्याने तोंड दिल्यावर तुमचा ताशी २८ कदाचित २५-२६ निघेल, आणि रेसचा आकडा तोच. ताशी २६ ने ९० किमीला ३ तास २८ मिनिटं लागतात. पोहायला सुरुवात केल्यापासून साडेपाच तासांत सायकल संपवायची असते, त्यामुळे तासाभरात पाण्याबाहेर आलात तरी हाताशी वेळ आहे.

एकमेकांना ट्यूब, पंप, पंक्चर किट, खाणं-पिणं देता येतं. सायकल, चाक, हेल्मेट किंवा बूट देऊन स्वतः रेस सोडता येत नाही. रेसमध्ये नसलेल्या मित्राने सोबत पळणं, सायकलवरून साथ देणं, मधेच बाटली देणं हे सगळं बाहेरची मदत धरलं जातं. घरच्यांना हे आधीच समजावून सांगा, प्रेमापोटी होणाऱ्या मदतीनेही माणूस बाद होऊ शकतो.

साखळी_तेल

सायकलपुरतं लिहितो. प्रत्येकाने आपल्या फ्रेमचा सुटा डिरेलर हँगर (मागचा गिअर बदलणारा डिरेलर फ्रेमला जोडणारा धातूचा तुकडा) बरोबर घ्यावा. गाडीत सायकली एकमेकींवर रेलल्या की सर्वांत आधी तोच वाकतो, आणि दर मॉडेलचा वेगळा असल्यामुळे मित्राचा चालत नाही. न्यायच्या वेळी चेन मागच्या सर्वांत मोठ्या चकतीवर घ्या, म्हणजे डिरेलर आत राहतो, आणि डिरेलर असलेली बाजू मोकळी ठेवा.

ट्यूब बाकी सगळ्यांना सारख्या चालतील, पण वॉल्व्हची लांबी तपासा. ५० मिमी खोल रिमला ४८ मिमीचा वॉल्व्ह बाहेरच येत नाही. विमानाने जाणाऱ्यांना सीओटू सिलिंडरची (चाकात झटकन हवा भरायच्या छोट्या नळकांड्यांची) अडचण येते, ते रस्त्याने जाणाऱ्यांकडे द्या. सायकल आदल्या दिवशी रॅकवर लावताना हवा थोडी कमी ठेवा आणि सकाळी क्लबच्या एकाच मोठ्या पंपाने सहाही सायकली भरा. गेज एकच असलं की आकड्यांचा घोळ होत नाही.

ट्रान्झिशनमध्ये (पोहण्यावरून सायकलवर, सायकलवरून धावण्यावर जायची जागा) हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, आणि परत आल्यावर सायकल रॅकवर टांगल्याशिवाय पट्टा सोडायचा नाही. सरावातही हाच क्रम ठेवा.

टाकीतला_मासा

मनापासून आभार. गट पाडून पोहायचं आमचं ठरलं. आता उकाड्याचं सांगा. आमच्यातले दोघं घामाने अक्षरशः निथळतात आणि सरावात ओआरएसवर भर देतात. तेवढं पुरतं का?

घामाचा_हिशोब

मीठ पुरतं, साखर पुरत नाही. एक लिटरच्या ओआरएस पुडीत (२१ ग्रॅमची, डब्ल्यूएचओ प्रमाणाची) सोडियम साधारण १७०० मिलिग्रॅम असतं आणि ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम. रेसमध्ये तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. ७५० मिलीच्या बाटलीत एकतृतीयांश पुडी, ४५ ग्रॅम साखर, अर्धं लिंबू. यात सोडियम ५७५ च्या आसपास आणि कर्बोदकं जवळपास ५० ग्रॅम होतात. उरलेल्या १० ग्रॅमसाठी दर तासाला अर्धं केळं किंवा अर्धं एनर्जी जेल. पुण्यातच निदान पाच लांब राईडना हेच घेऊन बघा, पोटाला रेसच्या दिवशी नवं काही देऊ नका.

त्या दोघांनी घाम मोजावा. राईडआधी उघड्या अंगाने वजन, एक तास रेसच्या जोराने सायकल, अंग पुसून पुन्हा वजन. ७०.० चे ६९.२ झाले आणि मध्ये अर्धा लिटर प्यायले असतील तर तासाला १.३ लिटर घाम. तेवढं सगळं भरून काढायला जाऊ नका, पोटात तासाला ८०० मिलीच्या वर फारसं ठरत नाही. हे मोजमाप ऑक्टोबरच्या दमट हवेत, शक्यतो कोकणात करा. पुण्यातल्या कोरड्या सकाळचा आकडा गोव्यात फसवेल. दुसरीकडे, तहान नसताना नुसतं साधं पाणी पीत सुटणंही धोक्याचं. डोकं दुखणं, मळमळ, बोटं सुजून अंगठी घट्ट होणं अशी लक्षणं दिसली तर पाणी थांबवा आणि वैद्यकीय तंबूत जा.

धावण्याचे पहिले ५ किमी ठरवलेल्या वेगापेक्षा किलोमीटरला २०-३० सेकंद हळू. तिथे सोबत पळायला हरकत नाही, आणि खरं तर जोरात सुटणाऱ्याला आवरायला दुसरा माणूस लागतोच. पाण्याच्या प्रत्येक टेबलाशी चाला, बर्फ टोपीत आणि मानेवर ठेवा. डोक्यावर पाणी ओतताना पुढे वाका, नाहीतर ते बुटात उतरतं आणि दहाव्या किलोमीटरला फोड येतात.

व्हॅसलीन मानेला, काखेत, मांड्यांत आधीच लावा, खाऱ्या पाण्यात कपड्याची शिवण चामडी सोलते. पण लावून झाल्यावर हात नीट पुसा आणि मगच गॉगलला लावा. काचेवर एकदा बोट लागलं की पाण्यात ते पुसलं जात नाही.