मदत हवी आहे: पोरं चेंडू दुसऱ्या बाजूला फिरवतच नाहीत

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात १४ वर्षांखालच्या मुलांना फुटबॉल शिकवतो. चेंडू उजवीकडे गेला की सात-आठ जण तिथंच गोळा होतात. डावा विंगर रेषेजवळ मोकळा उभा, पण त्याच्याकडे कुणी बघतच नाही! लांब किक मारायला सांगितली तर चेंडू हवेत तरंगतो, तोवर समोरचा बचाव सरकून येतो. म्हणून आता मागे बचावपटूकडे देऊन दोन-तीन झटपट पासमध्ये बाजू बदलायला शिकवतोय. प्रत्येक संघाला दोन्ही कडांना एकेक छोटा गोल देऊन ६ विरुद्ध ६ खेळवतो. सरावात जमतं, सामन्यात बाहेरून ‘पुढं मार’ असा ओरडा झाला की सगळं विसरतात. चेंडू यायच्या आधीच मान वळवून बघायची सवय तुम्ही कशी लावलीत?