टाइप-सी हबमधून फोर-के मॉनिटर ३० हर्ट्झवरच अडकतोय – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

लॅपटॉपला २७ इंची फोर-के मॉनिटर जोडलाय, पण तो ३० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ३० चित्रांच्या, वर जातच नाही. घोडं नेमकं कुठे अडलंय ते कळेना, म्हणून जाणकारांना विचारतेय.

माझं काम मुद्रितशोधनाचं, दिवसभर देवनागरी मजकूर समोर असतो. ३८४० बाय २१६० (म्हणजे फोर-के) ठेवलं की अक्षरं कोरल्यासारखी दिसतात, पण माउसचा बाण अडखळत सरकतो आणि पान खाली नेताना ओळी झटके खातात. २५६० बाय १४४० केलं की ६० हर्ट्झ लगेच मिळतात, मात्र अक्षरं पुसट होतात. ‘सर्वांत’मधला रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळून जातात. तेच तपासायचं तर माझं काम!

लॅपटॉपला दोन टाइप-सी पोर्ट आहेत, त्यातल्या एकाशेजारी डिस्प्लेपोर्टचं (एचडीएमआयसारख्याच, पडद्याला चित्र नेणाऱ्या जोडणीचं) चिन्ह आहे. माहितीपत्रकात आवृत्ती १.२ दिलीय. त्यात हब (एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणारी डबी), हबमधून एचडीएमआय केबल, ती मॉनिटरच्या एचडीएमआय २.० मध्ये. कीबोर्ड-माउसही हबच्या यूएसबी ३ पोर्टांवर. केबल बदलली, ड्रायव्हर अपडेट केले, फरक नाही. लॅपटॉपचा स्वतःचा एचडीएमआय १.४ आहे, तिथूनही ३०च. घरातली डिस्प्लेपोर्ट-एचडीएमआय केबल लॅपटॉपच्या एचडीएमआयमधून मॉनिटरच्या डिस्प्लेपोर्टला लावली, तर ‘नो सिग्नल’.

दोष हबचा की लॅपटॉपचा? महागडा डॉक (मोठा हबच) घ्यावाच लागेल का?

प्रतिसाद १

ताई, बिघाड कशातच नाही. टाइप-सीमध्ये वेगवान चार लेन, म्हणजे डेटा नेणाऱ्या चार वाटा, असतात. हबवर यूएसबी ३ असेल तर सहसा दोन लेन तिकडे जातात, चित्राला दोनच उरतात. डिस्प्लेपोर्ट १.२ च्या दोन लेनमधून सेकंदाला ८.६४ गिगाबिट चित्र जातं. फोर-के ६० हर्ट्झला साधारण १२.५ लागतात, १४४० ला सहाच्या आत भागतं. म्हणून तुम्हाला तिथे ६० मिळतात आणि इथे नाही. एचडीएमआय १.४ ची मजल फोर-केला ३० पर्यंतच, त्यामुळे त्या पोर्टाचा नाद सोडा.

चिन्ह असलेल्या पोर्टातून साधी टाइप-सी ते डिस्प्लेपोर्ट केबल थेट मॉनिटरला लावा. चारही लेन चित्राला मिळतील. हब दुसऱ्या टाइप-सीवर न्या.

घरातली ती केबल एकाच दिशेने चालते: डिस्प्लेपोर्ट लॅपटॉपकडे, एचडीएमआय पडद्याकडे. बरेच डिस्प्लेपोर्ट गरज पडली तर स्वतःच एचडीएमआयचा सिग्नल देतात, म्हणून स्वस्त केबलवर भागतं. एचडीएमआयला उलट तसं जमत नाही, त्याला वेगळी वीज घेणारा ॲक्टिव्ह कन्व्हर्टर लागतो.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. डिस्प्लेलिंकवाला डॉक तर अजिबात घेऊ नका. तो चित्र कॉम्प्रेस करून यूएसबीवरून पाठवतो, त्यासाठी ड्रायव्हर लागतो आणि प्रोसेसरवर भार पडतो. ज्या टाइप-सीतून चित्र निघतच नाही, त्याच्यासाठी तो ठीक. तुमच्या पोर्टात सोय आहेच.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. केबल आली, लावली, चित्रही आलं, पण पुन्हा ३०! मग मॉनिटरच्या बटणांवरून मेनू उघडला, तर तिथे डिस्प्लेपोर्टची आवृत्ती १.१ वर ठेवलेली. ती १.२ केली, पडदा क्षणभर काळा झाला, आणि विंडोजच्या ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये ६० चा पर्याय आला. बाण आता सरळ सरकतोय, रफार आणि अनुस्वारही वेगवेगळे दिसताहेत. कुणाचा मॉनिटर असाच अडला असेल, तर नवं काही विकत घेण्याआधी तो मेनू उघडून बघा.